ठेव आमची, तडजोड तुमची

१२ डिसेंबर २०२१ रोजी दिल्लीच्या विज्ञान भवनात एक सोहळा झाला. निर्बंधांखाली आलेल्या बँकांमधील ठेवीदारांना पाच लाख रुपयांपर्यंतची विम्याची रक्कम ठराविक मुदतीत देण्याचा जो नवा कायदा त्या वर्षी झाला, त्याचे हे जाहीर कौतुक होते. पंतप्रधान स्वतः उपस्थित होते. 'ठेवीदार प्रथम' असे कार्यक्रमाचे नाव होते आणि लाखभराहून अधिक ठेवीदारांच्या हाती तेराशे कोटी रुपये पडल्याचे तेथे सांगण्यात आले. त्याच्या दोनच दिवस आधी, १० डिसेंबरला, पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेच्या विलीनीकरणाच्या मसुद्यावर हरकती व सूचना पाठविण्याची मुदत संपली होती. विम्याची रक्कम मिळण्यास पात्र म्हणून प्रथम जाहीर झालेल्या एकवीस बँकांत या बँकेचे नाव होते. प्रत्यक्ष पहिल्या फेरीत पैसे मिळाले ते सोळा बँकांच्या ठेवीदारांना. पीएमसीचे ठेवीदार उरलेल्या पाचांत राहिले, कारण त्यांच्यासाठी स्वतंत्र तोडगा शिजत होता.

तो तोडगा त्यांना नको होता. आझाद मैदानापासून दिल्लीपर्यंत, न्यायालयांच्या पायऱ्यांपासून रिझर्व्ह बँकेच्या दारापर्यंत त्यांनी तसे सांगितले. अवघ्या एकोणीस दिवसांच्या मुदतीत हरकतीही धाडल्या. त्यांचे बोलणे ऐकले गेले की नाही, यावर वाद घालता येईल. त्यांचे मत घेतले गेले नाही, यात मात्र वाद नाही, कारण कायद्यात तशी तरतूदच नव्हती. या प्रकरणाकडे आजवर घोटाळा म्हणून, नियामकाची डुलकी म्हणून, सहकाराचा ऱ्हास म्हणून बरेच पाहिले गेले. गोठलेल्या पैशांची तडजोड ज्यांच्या पैशांची असते, त्यांचा त्या तडजोडीत अधिकार कोणता, हा प्रश्न मात्र राजधानीच्या चर्चेत फारसा आला नाही.

थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. १९८४ साली मुंबईत शीव येथे एका शाखेपासून सुरू झालेली ही बँक २०१९ पर्यंत सात राज्यांत १३७ शाखांपर्यंत पोहोचली होती. ठेवी साडेअकरा हजार कोटींच्या घरात होत्या. शाखा दिल्लीतही होत्या. त्यामुळे २४ सप्टेंबर २०१९ च्या सकाळी जो गोंधळ भांडुप-मुलुंडमध्ये माजला, तो राजधानीनेही पाहिला. आदल्या दिवशीच रिझर्व्ह बँकेने बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ३५अ खाली निर्बंध जारी केले होते. सहा महिन्यांत मिळून खात्यातून फक्त हजार रुपये काढता येतील, असा पहिला आदेश होता. पुढे तीन दिवसांत ही मर्यादा दहा हजार झाली. ऑक्टोबरात पंचवीस हजार, मग चाळीस हजार, नोव्हेंबरात पन्नास हजार आणि जून २०२० मध्ये एक लाख झाली. प्रत्येक वाढीबरोबर रिझर्व्ह बँक सांगत राहिली, की आता अमुक टक्के ठेवीदार आपली संपूर्ण शिल्लक काढू शकतील. पन्नास हजारांच्या वेळी ७८ टक्के, एक लाखाच्या वेळी ८४ टक्के. आकडे खरेच होते. पण उरलेल्या सोळा टक्क्यांतच निवृत्तीचा निधी बँकेत ठेवलेली माणसे होती, घर विकून आलेली रक्कम दुसरे घर मिळेपर्यंत ठेवणारी होती, आणि गृहनिर्माण संस्था व पतसंस्थाही होत्या. त्या पतसंस्थांमध्ये खुद्द रिझर्व्ह बँकेच्या कर्मचाऱ्यांच्या संस्थाही होत्या, हा या प्रकरणातला बोचरा विनोद.

बँक का बुडाली, याची हकीगत एव्हाना सर्वांना ठाऊक आहे. एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे सुमारे साडेसहा हजार कोटींची कर्जे गेली, म्हणजे बँकेच्या एकूण कर्जांपैकी ७० टक्क्यांहून अधिक. आणि ती झाकण्यासाठी २१,०४९ बनावट खाती दाखविली गेली, असा पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेचा आरोप आहे. लेखापरीक्षकांनी ताळेबंद तपासले होते, रिझर्व्ह बँकेने वार्षिक तपासण्या केल्या होत्या. ठेवीदाराने यापैकी काहीच करायचे नव्हते आणि त्याला करताही आले नसते.

२१ ऑक्टोबर २०१९ रोजी महाराष्ट्र विधानसभेचे मतदान होते. प्रचाराच्या ऐन भरात, १० ऑक्टोबरला केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन मुंबईत पक्षाच्या कार्यालयात पत्रकारांना भेटावयास आल्या, तेव्हा बाहेर ठेवीदार उभे होते. त्यांनी ठेवीदारांची भेट घेतली. अर्थ मंत्रालयाचा या बँकेशी थेट संबंध नाही, नियामक रिझर्व्ह बँक आहे, आणि गरज पडल्यास कायदा बदलू, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. कायद्याच्या अक्षराप्रमाणे ते खरे होते. बहुराज्यीय सहकारी संस्था म्हणून या बँकेचे निबंधक तेव्हा दिल्लीतील कृषी मंत्रालयात बसत आणि बँकिंगचे नियमन रिझर्व्ह बँकेकडे होते. दुहेरी नियंत्रणाच्या या व्यवस्थेत जबाबदारी नेहमी दुसऱ्याच्या टेबलावर असते, हे या पानाच्या वाचकांपैकी अनेकांना आपल्या दैनंदिन अनुभवातून माहीत असेल.

कायदा खरोखरच बदलला. जून २०२० मध्ये वटहुकूम आला, सप्टेंबरात त्याचा कायदा झाला, आणि रिझर्व्ह बँकेला सहकारी बँकांची फेररचना किंवा सक्तीचे विलीनीकरण करण्याचा कलम ४५ खालचा अधिकार मिळाला. ठेवीदारांनी हाच बदल मागितला होता. त्याच अधिकाराने पुढे त्यांच्यावर जी योजना लादली गेली, ती मात्र त्यांनी मागितली नव्हती.

जून २०२१ मध्ये सेंट्रम समूहाला, भारतपे या कंपनीच्या भागीदारीत, लघु वित्त बँक काढण्याची तत्त्वतः मान्यता मिळाली. १ नोव्हेंबर २०२१ रोजी युनिटी स्मॉल फायनान्स बँक सुरू झाली. तीन आठवड्यांत मसुदा प्रसिद्ध झाला आणि २५ जानेवारी २०२२ रोजी केंद्र सरकारने योजना अधिसूचित केली. हप्त्यांचे वेळापत्रक मसुद्यातले होते तेच राहिले. पाच लाखांपर्यंतची रक्कम ठेव विमा महामंडळाकडून आरंभी मिळणार. त्यानंतर पहिल्या वर्षअखेरीस पन्नास हजार, दुसऱ्या वर्षी पन्नास हजार, तिसऱ्या वर्षी एक लाख, चौथ्या वर्षी अडीच लाख, पाचव्या वर्षी साडेपाच लाख; आणि पंधरा लाखांच्या वर जे काही उरेल, ते दहा वर्षांनी. ३१ मार्च २०२१ नंतर पाच वर्षे व्याज नाही. त्यापुढे उरलेल्या रकमेवर वर्षाला पावणेतीन टक्के सरळव्याज.

हिशेब करून पाहण्यासारखा आहे. एखाद्या निवृत्त कर्मचाऱ्याची चाळीस लाखांची ठेव होती असे समजू. पाच लाख आरंभी, दहा लाख पाच वर्षांत तुकड्यांनी, आणि पंचवीस लाख दहाव्या वर्षी. सात टक्के व्याजदर धरला, तर दहा वर्षांनी मिळणाऱ्या पंचवीस लाखांची योजनेच्या दिवशीची किंमत पावणेतेरा लाखांच्या आसपास भरते. मधल्या पाच वर्षांचे साडेतीन लाखांचे व्याज जमेस धरले, तरी ती साडेचौदा लाखांच्या पुढे जात नाही. कागदावर मुद्दल पूर्ण परत मिळते. प्रत्यक्षात त्या पंचवीस लाखांतले दहा लाखांहून अधिक, कोणीही 'कपात' हा शब्द न उच्चारता, कापले जातात. संस्थात्मक ठेवीदारांच्या बाबतीत तर आडपडदाही ठेवला नाही. त्यांच्या ठेवींपैकी ८० टक्के रक्कम एक टक्का लाभांशाच्या, परतफेडीची मुदत नसलेल्या अग्रहक्क भागांत बदलली गेली आणि उरलेली २० टक्के पुढे समभागांत रूपांतरित व्हावयाच्या वॉरंटांत. पतसंस्थेत पै-पै साठविणाऱ्या सभासदाला आपली ठेव आता एका नव्या बँकेचे भांडवल झाली आहे, हे समजावून सांगण्याचे काम त्या पतसंस्थेच्या सचिवावर आले.

दुसरी बाजू न मांडणे अन्यायाचे होईल. ३१ मार्च २०२० अखेर बँकेचे नक्त मूल्य उणे ५,८५० कोटी रुपये होते. एवढे मोठे भगदाड अंगावर घ्यायला एकही सुदृढ बँक पुढे आली नाही. परवाना रद्द करून बँक अवसायनात काढली असती, तर पाच लाखांवरच्या ठेवीदाराच्या पदरी पुढे काय पडले असते, हे अनेक बुडीत सहकारी बँकांच्या अवसायकांच्या कपाटांतल्या धारिका सांगतील. नव्या बँकेने किमान दोनशे कोटींच्या अटीऐवजी सुमारे अकराशे कोटींचे भांडवल आणले, हा रिझर्व्ह बँकेचा मुद्दा पोकळ नव्हता. योजना वाईट होती, पण दिसत असलेल्या पर्यायांत ती सर्वांत वाईट नव्हती, असे माझे मत आहे.

पण पर्याय कोणते दिसतात, हे कोण ठरवते? कलम ४५ ची रचना अशी, की मसुदा रिझर्व्ह बँक करते, हरकती रिझर्व्ह बँकच तपासते आणि मंजुरी सरकार देते. मंजूर झालेली योजना प्रत्येक ठेवीदारावर बंधनकारक असते. ठेवीदारांचे हक्क कमी करण्याची मुभा त्याच कलमात लिहिलेली आहे. 'हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत' हे वाक्य या शहरातील कित्येक मराठी अधिकाऱ्यांनी आपल्या हाताने टिपणात लिहिले असेल. त्या वाक्याचे कार्यालयातले वजन किती असते, हेही त्यांना माहीत आहे. आलेल्या हरकतींचा तक्ता करायचा असतो. त्यांची बेरीज करून निर्णय बदलायचा नसतो.

हेच कलम दुसरीकडे किती निराळे वागले, ते पाहण्यासाठी थोडे दक्षिणेत जाऊ. कावेरीच्या खोऱ्यातील करूर या गावी १९२६ साली स्थापन झालेली लक्ष्मी विलास बँक १७ नोव्हेंबर २०२० रोजी गोठविली गेली आणि पंचवीस हजारांची मर्यादा आली. दहा दिवसांत तिचे सिंगापूरच्या डीबीएस बँकेच्या भारतीय कंपनीत विलीनीकरण झाले आणि ठेवीदारांचा पैसा न् पैसा सुरक्षित राहिला. तंजावर जिल्ह्यातल्या ओरत्तनाडुचे नाव मराठी माणसाला परके नसावे. सरफोजीराजांनी मुक्तांबेच्या स्मरणार्थ तेथे छत्र बांधले आणि ते स्थान मुक्तांबापुरम म्हणूनही ओळखले गेले. कावेरीकाठच्या अशा एखाद्या गावात लक्ष्मी विलासची ठेव पावती असलेल्या माणसाचे पैसे दहा दिवस अडकले आणि भांडुपमध्ये पीएमसीची पावती असलेल्याचे दहा वर्षे, कलम एकच. तेथे भार पडला तो भागधारकांवर. त्यांचे समभाग एका अधिसूचनेने शून्य झाले आणि त्यांतले कित्येक तामिळनाडूतलेच लहान गुंतवणूकदार होते. ते न्यायालयात गेले. त्यांनाही मत नव्हते.

मत मिळते तेव्हा काय होते, याचीही उदाहरणे आहेत आणि ती फार उत्साहवर्धक नाहीत, हे आधीच सांगितलेले बरे. २३ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीच्या ऐन काळात, फ्रँकलिन टेम्पल्टन म्युच्युअल फंडाने आपल्या सहा रोखे योजना बंद केल्या. सुमारे पंचवीस हजार कोटी रुपये आणि तीन लाखांवर गुंतवणूकदार एका रात्रीत अडकले. विश्वस्तांनी निर्णय घेतला आणि गुंतवणूकदारांसमोर जी मतपत्रिका ठेवली, तिच्यात पैसे वसूल करण्याचे काम विश्वस्तांनी करावे की एका सल्लागार कंपनीच्या मदतीने करावे, एवढेच विचारले होते. योजना बंदच करू नका, असे म्हणण्याचा रकाना नव्हता. चेन्नई, अहमदाबाद, दिल्ली येथील गुंतवणूकदार आपापल्या उच्च न्यायालयांत गेले, मतदानाला स्थगिती मिळाली, आणि सर्व याचिका सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटक उच्च न्यायालयाकडे सोपविल्या. २४ ऑक्टोबर २०२० रोजी त्या न्यायालयाने सांगितले, की युनिटधारकांच्या बहुमताशिवाय योजना गुंडाळता येणार नाहीत. डिसेंबरात खरे मतदान झाले, 'होय' की 'नाही' असे.

गंमत अशी, की इतके भांडून मिळालेल्या मतदानात गुंतवणूकदारांनी प्रचंड बहुमताने 'होय' म्हटले. मग लढले कशासाठी, असे तेव्हा कुत्सितपणे विचारले गेले. उत्तर अवघड नाही. एप्रिल महिन्यात बंद दाराआड झालेला निर्णय आणि डिसेंबरात रोख किती जमली, कोणते रोखे बुडीत आहेत हे पाहून दिलेली संमती, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वसुलीचे काम नंतर न्यायालयाने स्टेट बँकेच्या म्युच्युअल फंड कंपनीकडे दिले आणि पुढील काही वर्षांत बहुतेक रक्कम परत आली. मतामुळे पैसा वाढला असा दावा मी करणार नाही. मतामुळे माहिती बाहेर आली, हे नक्की.

तिसरे उदाहरण मुंबईचेच, आणि फार कडू. ३१ जुलै २०१३ रोजी नॅशनल स्पॉट एक्स्चेंज या वायदेसदृश बाजाराचे व्यवहार थांबले. सुमारे तेरा हजार गुंतवणूकदारांचे ५,६०० कोटी अडकले. गोदामांत माल आहे अशा समजुतीवर दिलेले पैसे होते, माल नव्हता. केंद्र सरकारने २०१६ मध्ये हा बाजार त्याच्या मूळ कंपनीत सक्तीने विलीन करण्याचा आदेश काढला. तो सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०१९ रोजी रद्द केला. काही धनकोंची वसुली म्हणजे 'सार्वजनिक हित' नव्हे, असा त्या निकालाचा रोख होता. मग राहिला महाराष्ट्राचा ठेवीदार हितसंरक्षण कायदा, १९९९ चा. तो तामिळनाडूच्या १९९७ च्या कायद्याच्या वळणावर बेतलेला. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने तो घटनाबाह्य ठरविला होता. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूचा कायदा वैध ठरविला, तेव्हा कुठे महाराष्ट्राच्या कायद्यात पुन्हा जीव आला. म्हणजे मुंबईतल्या गुंतवणूकदारांच्या हातात आज जे शस्त्र आहे, ते तामिळनाडूतल्या खटल्याने वाचविलेले आहे. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या बाजारालाही तो कायदा लागू असल्याचे सांगितले.

एवढे होऊनही शेवट तडजोडीतच झाला. ५,६८२ गुंतवणूकदारांना एकरकमी १,९५० कोटी, त्यांच्या थकीत रकमेच्या निम्म्याहून कमी, आणि बदल्यात खटल्यांवर पाणी, अशी योजना कंपनी कायद्याखाली मतदानास आली. २०२५ मध्ये नव्वद टक्क्यांहून अधिक मते तिच्या बाजूने पडली आणि नोव्हेंबरात राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाने मंजुरी दिली. विरोध करणारे थोडे उरले होते. बारा वर्षांत काही गुंतवणूकदार वारले, काही थकले. बारा वर्षांनी घेतलेल्या मताला संमती म्हणायचे की शरणागती, याचा निर्णय मतपेटी देत नाही. तरीही या योजनेत नाही म्हणणाऱ्यांची संख्या नोंदली गेली. पीएमसीच्या योजनेला किती ठेवीदारांचा विरोध होता, हा आकडा कोणत्याच सरकारी कागदावर नाही.

येथे सहकाराचा एक जुना दोषही आठवतो. 'एक सभासद, एक मत' हे सहकाराचे ब्रीद. पण ते भागधारक सभासदासाठी. शहरी सहकारी बँकांत ठेवीदार बहुसंख्य असतात आणि सभासद त्यामानाने मूठभर. ज्याचे हजार रुपयांचे भाग, त्याला मत. ज्याची वीस लाखांची ठेव, त्याला पासबुक. २०२५ मध्ये न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर १२२ कोटींच्या अपहारानंतर निर्बंध आले, तेव्हा सारस्वत बँक पुढे झाली आणि ४ ऑगस्टपासून विलीनीकरण अमलात आले. सहा महिन्यांच्या आत ठेवी पूर्ण मोकळ्या झाल्या. हे विलीनीकरण कलम ४४अ खालचे, म्हणजे सक्तीचे नव्हे तर दोन्ही बँकांच्या सभासदांच्या ठरावाने होणारे. ठेवीदार तेथेही प्रेक्षकच होते. फक्त या वेळी प्रयोग चांगला झाला.

कलम ४५ मध्ये ठेवीदारांचे मतदान घालावे, अशी मागणी अधूनमधून होते. तिच्यातली अडचण खरी आहे. बँक गोठलेली असताना लाखो लोकांचे मत घेण्याइतका वेळ नसतो आणि विलंबाने ठेवी आणखी झिजतात. लक्ष्मी विलासच्या दहा दिवसांत मतदान बसले नसते. पण पीएमसीत निर्बंधांपासून अधिसूचनेपर्यंत अठ्ठावीस महिने गेले. त्यांतले एकोणीस दिवस ठेवीदारांच्या वाट्याला आले. अठ्ठावीस महिन्यांत एक मतदान, निदान बँकेच्या मालमत्तेचे खरे मूल्यांकन ठेवीदारांपुढे ठेवून त्यांच्या निवडक प्रतिनिधींशी एक बैठक, बसली नसती असे म्हणणे कठीण आहे. दिवाळखोरी संहितेत धनकोंची समिती असते आणि तिच्यात घर घेणाऱ्या ग्राहकांनाही २०१८ पासून प्रतिनिधी मिळाला. एचडीआयएलच्या प्रकल्पात घर नोंदविणाऱ्याला त्या कंपनीच्या तोडग्यात आवाज आहे. त्याच कंपनीला ज्याच्या ठेवीतून कर्ज गेले, त्याला आपल्या बँकेच्या तोडग्यात नाही.

योजनेच्या तक्त्यातली शेवटची ओळ जानेवारी २०३२ ची आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये जो ठेवीदार सत्तर वर्षांचा होता, तो तेव्हा ब्याऐंशीचा असेल. त्याच्या पासबुकावरील वारसनोंद तोपर्यंत अद्ययावत असलेली बरी.